एक नग, खुर्चीसकट

"आणि तो म्हातारासुद्धा पाठवा हं. खुर्चीसकट," फोनवर नाटकवाल्या बाई म्हणाल्या.

जावई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहाचा कप सांभाळत गोदामाच्या टेबलाशी बसला होता. "कुठला म्हातारा, बाई?"

"तुमच्याकडचाच. न्यायाधीशाच्या दिवाणखान्यात दाराशी ठेवायला मला काहीतरी जुनं, भारदस्त आणि न हलणारं हवं होतं. तुमच्या कॉम्प्युटरला विचारलं तर त्याने पटकन हा दाखवला. मी सकाळीच बुकिंग करून टाकलं."

"आमच्याकडे म्हाताऱ्याचा पुतळा नाहीये."

"असं कसं? फोटो आहे ना माझ्यासमोर. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलाय, तोंड जरासं उघडं. कोणी केलाय हो? काय हात आहे कारागिराचा. कानातले केस एकेक करून लावलेत."

जावयाने कप खाली ठेवला आणि कॉम्प्युटरवर आजची ऑर्डर उघडली. न्यायाधीशाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, भिंतीवरचं घड्याळ, हरणाचं शिंग, आणि सगळ्यात खाली त्याचे सासरे. फोटोसकट. शेजारी लिहिलं होतं: एक नग, खुर्चीसकट.

त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. तेच सासरे, तीच खुर्ची, तोंड तेवढंच उघडं. फोटोत आणि प्रत्यक्षात फरक एवढाच, की प्रत्यक्षातले घोरत होते.

"टेंपो घेऊन चारला येतेय मी," बाई म्हणाल्या. "त्याला नीट गुंडाळून ठेवा. नाकबिक तुटलं तर पंचाईत." आणि फोन ठेवला.

आता हे गोदाम सासऱ्यांचं. नाटकवाल्यांना आणि सिनेमावाल्यांना सामान भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. पाळण्यापासून फाशीच्या दोरापर्यंत, माणसाला मधल्या काळात जे जे लागतं ते सगळं तिथे मिळायचं. फक्त कुठली वस्तू कुठे आहे, ते एकट्या सासऱ्यांच्या डोक्यात. सासरे दुपारी झोपले की धंदाही झोपायचा. म्हणून जावयाने आपली कॉम्प्युटरची नोकरी सोडली, बायकोला घेऊन इथे आला आणि गोदामाला डोकं बसवायचं काम हाती घेतलं. बायकोला हे गोदाम हवं होतं. लहानपणी ती तिथल्या सिंहासनांवर बसूनच अभ्यास करायची. गोदाम दुसऱ्या कोणाला विकलं जाणार या विचाराने तिला जेवण जात नसे.

पहिल्याच दिवशी जावयाने सासऱ्यांना समजावून सांगितलं होतं. "हे बघा बाबा. आधी यंत्राला सांगायचं, जगात प्रकार कुठले कुठले. माणूस हा एक प्रकार. सामान हा एक प्रकार. सामानात फर्निचर, फर्निचरात खुर्ची, खुर्चीत सिंहासन. म्हणजे सिंहासन म्हटलं की ते आपोआप सामान झालं. वेगळं सांगावं लागत नाही."

"मलाही नाही लागत," सासरे म्हणाले.

"मग एकेक नग. हे सिंहासन, ते सिंहासन. आणि मग नाती, कोण कशाच्या आत आहे, कोणाचं काय आहे. खण टेबलात आहे, टेबल खोलीत आहे, एवढं सांगितलं की खण पण त्याच खोलीत आहे हे ते स्वतःच ताडतं."

"आपण न सांगता?"

"आपण न सांगता."

सासऱ्यांनी मागच्या खोलीकडे नजर टाकली. तिथे सासूबाई पडद्यांना ठिगळं लावत होत्या. "अशी एक आहे आमच्याकडे," ते म्हणाले.

यंत्र ताडायला लागलं तेव्हा मात्र जरा गंमत झाली. ज्यावर माणूस बसतो ते आसन, असा नियम जावयाने घातला होता. एका नाटकवाल्याने पाहुण्यांना बसवायला सहा आसनं मागितली, तर यंत्राने चार खुर्च्या, एक लाकडी घोडा आणि एक संडासाचं भांडं काढून दिलं. सासऱ्यांनी ते दारातच अडवलं. "पाहुणे किती वेळ बसणार आहेत, ते विचारून घ्या आधी," म्हणाले. जावयाने नियम सुधारला, पण तोवर त्याने यंत्राच्या सल्ल्याने अख्खं गोदाम नव्याने लावलं होतं. त्यामुळे संडासाचं भांडं अजूनही दर्शनी दाराजवळ, सिंहासनांच्या रांगेत दिमाखात उभं होतं. आणि सासऱ्यांच्या डोक्यातली जुनी जागा न् जागा फुकट गेली होती. आता काहीही शोधायचं तर यंत्राशिवाय गत्यंतर नव्हतं.

शेवटी सासऱ्यांनी एक अट घातली. "या नाटकाचं सामान बिनचूक गेलं, तर गोदाम तुम्हा दोघांचं. एक जरी नग चुकला, तर मी विकून मोकळा होतो."

ते नाटकाचं सामान म्हणजे हेच. आणि चुकलेला नग दाराशी घोरत होता.

जावयाने बायकोला हाक मारली. ती पितळी दिवा पुसता पुसता आली. तिने कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा फोटो पाहिला, मग दाराकडे पाहिलं.

"हा फोटो मी काढला," ती म्हणाली. "खुर्चीचा काढत होते. बाबा उठले नाहीत म्हणून तसाच काढला. पण सामानात कसे गेले ते?"

यंत्रात 'का?' असं एक बटण होतं. कुठलीही गोष्ट यंत्राने कशावरून ताडली, ते तिथे कळायचं. जावयाला त्या बटणाचा फार अभिमान होता. आज त्याने ते जरा हळूच दाबलं.

यंत्राने लिहिलं: हा नग सामान आहे. कारण ह्याला गोदामात ठरलेली जागा आहे. ज्याला ठरलेली जागा असते ते सामान.

"जागा कोणी लिहिली त्यांची?" बायकोने विचारलं.

"मी. दारालगत, खुर्चीत. कोणी शोधत आलं तर सापडावेत म्हणून."

"पण बाबा माणूस आहेत, हे त्याला माहीत नाही का?"

"आहे की. ते पण लिहिलंय."

"मग?"

जावयाने घसा साफ केला. "माणूस म्हणजे सामान नव्हे, हे लिहायचं राहिलं."

"हे पण लिहावं लागतं?"

"लागतं. त्याचं स्वतःचं असं काही ठरलेलं नसतं. सिंहासन कसं खुर्ची पण असतं आणि मौल्यवान वस्तू पण असतं, दोन्ही चालतं ना? तसंच बाबा माणूस पण, सामान पण. कोणीतरी नाही म्हणेपर्यंत त्याला त्यात काही खटकत नाही."

"मग म्हण ना नाही. वाट कसली बघतोयस?"

आधी त्याने सासऱ्यांची ठरलेली जागा खोडली. झालं, सुटलो, असं म्हणून पुन्हा 'का?' दाबलं. यंत्राने लिहिलं: हा नग सामान आहे. कारण ह्याचं बुकिंग झालं आहे. ज्याचं बुकिंग होतं ते सामान.

"बुकिंग रद्द कर मग," बायको म्हणाली.

"होत नाही. मालकाचा अंगठा लागतो." त्याने टेबलावरच्या लहानशा काचेकडे बोट दाखवलं. अंगठा टेकवायची ती जागा सासऱ्यांनीच आग्रहाने करून घेतली होती. या गोदामाने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही, दिलेला शब्द फिरवायचा तर तो मीच फिरवणार, आणि मी काही फिरवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बुकिंग खोडायचं किंवा नियम खोडायचा तर मालकाचा अंगठा हवा. नवीन नियम मात्र कोणीही घालू शकत होतं.

"मग नवीन घालतो," जावई म्हणाला, आणि घातला: माणूस तो सामान नव्हे, सामान ते माणूस नव्हे.

यंत्राने क्षणभर विचार केला आणि अख्खा पडदा लाल झाला. विसंगती. एक नग माणूसही आहे आणि सामानही. हे मिटेपर्यंत कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"म्हणजे त्याचं डोकं फिरलं. एकदा का परस्परविरोधी दोन गोष्टी खऱ्या मानल्या, की मग काहीही खरं ठरवता येतं. घोडा म्हणजे घड्याळ आणि घड्याळ म्हणजे आई. म्हणून ते तोंडच उघडत नाही."

"शहाणं आहे," बायको म्हणाली. "हरणाचं शिंग कुठे आहे विचार."

त्याने विचारलं. लाल. टेबल कुठे? लाल. घड्याळ, कपाट, सगळं लाल. समोर छताला भिडलेल्या सामानाच्या रांगाच रांगा, चारला टेंपो येणार, आणि गोदामात एका माणसालाही कळत नव्हतं की पुस्तकांचं कपाट कुठे आहे.

"तो नियम काढ परत."

"अंगठा," जावई म्हणाला.

दोघांनी झोपलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. बायको पाय न वाजवता गेली, वाकून पाहिलं आणि परत आली. "दोन्ही हात काखेत घालून झोपलेत," ती कुजबुजली. "ओढले तर उठतील. आणि उठले तर पहिलं काय विचारतील?"

"सगळं बिनचूक चाललंय ना."

"मग दुसरं काहीतरी कर."

दुसरं एकच शिल्लक होतं. माणूसही आणि सामानही चालत नसेल, तर दोहोंपैकी एक काढायचं. सामान निघत नव्हतं.

"तासाभरापुरतंच," जावई म्हणाला. "टेंपो गेला की लगेच परत लिहितो." आणि त्याने पुसलं: बाबा माणूस आहेत.

पडदा लालच राहिला. 'का?' दाबलं. यंत्राने शांतपणे लिहिलं: हा नग माणूस आहे. कारण हा गोदामाचा मालक आहे. मालक हा माणूसच असतो.

"ते स्वतःच ताडतंय," जावई कपाळ पुसत म्हणाला.

"तूच शिकवलंस. मालक दुसऱ्या कोणाला कर. आईला कर."

मालकाचं नाव बदलायला अंगठा लागत नव्हता. ते घाईत राहून गेलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जावयाला आपल्या विसरभोळेपणाचा आनंद झाला. त्याने सासूबाईंना मालक केलं. तेवढ्यात बायकोने चुटकी वाजवली. "अरे, मग आता आईचा अंगठा चालेल की. बुकिंगच रद्द करू."

दोघं मागच्या खोलीत गेले. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. जावयाने सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतली.

"म्हणजे आता गोदाम माझं," त्या म्हणाल्या.

"तासाभरापुरतं, आई."

"आणि हे सामान."

"तात्पुरतं."

"आणि त्या बाई ह्यांना घेऊन जाणार आहेत. संध्याकाळभर."

"म्हणून तर म्हणतोय, तुमचा अंगठा द्या, बुकिंग रद्द करू."

सासूबाईंनी दोरा ओवला, गाठ मारली आणि दाताने तोडला. "या गोदामाने कधी कोणा गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही, जावईबापू. माझ्या हातात आल्या आल्या मी बट्टा लावू?"

"आई, बाबा आहेत ते," बायको म्हणाली.

"माहीत आहे मला. म्हणून तर जाऊ दे म्हणते."

नवीन नियम खोडायलासुद्धा त्यांनी अंगठा दिला नाही, तेव्हा पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दोघं टेबलाशी परतले. पडदा अजून लाल. 'का?' दाबलं. यंत्राने लिहिलं: हा नग माणूस आहे. कारण हा मालकाचा नवरा आहे. नवरा हा माणूसच असतो.

जावई पुन्हा मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. हे विचारायची त्याच्यावर कधी वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "आई, तासाभरापुरतं तुमचं लग्न मोडलं तर चालेल का?"

"तासाभरापुरतंच का?" सासूबाई म्हणाल्या.

लग्न पुसलं. पडदा लाल. "आता काय?" बायकोने वाकून वाचलं. यंत्राने लिहिलं होतं: हा नग माणूस आहे. कारण ह्याला एक मुलगी आहे. मुलगी असणारा माणूसच असतो.

"हे नको," ती म्हणाली.

"तासाभरा..."

"तासाभरापुरतं म्हणू नकोस. तू सारखं तेच म्हणतोयस."

टेंपो यायला थोडाच वेळ उरला होता. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. "कर. मी बघत नाही."

त्याने पुसलं. पडदा पांढरा झाला. टेबल कुठे आहे, घड्याळ कुठे आहे, हरणाचं शिंग कुठे आहे, सगळं धडाधड यायला लागलं. जावयाने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरची धूळ उडाली.

"म्हणजे आता ते म्हणतंय बाबा माणूस नाहीत?" बायकोने न वळता विचारलं.

"नाही नाही. ते फक्त सामान आहेत एवढंच... म्हणजे, हो. आता म्हणतंय तसं. सामान म्हटलं की माणूस नव्हे, हा नवीन नियम ना."

"आणि मुलगी कोणाची मी?"

"ते म्हणतंय, माहीत नाही. न सांगितलेलं ते खोटं धरत नाही, नुसतं माहीत नाही म्हणतं."

"तेवढी तरी लाज आहे त्याला. आणि तू कोणाचा जावई?"

जावयाने विचारून पाहिलं. ते पण माहीत नव्हतं.

मग दोघं कामाला लागले. यंत्र सांगेल तिथे वस्तू सापडत होती. टेबल सापडलं, कपाट सापडलं, शिंग तर हातासरशी मिळालं. चारला टेंपो दारात लागला तेव्हा सगळं ओळीने मांडून, गुंडाळून तयार होतं. नाटकवाल्या बाईंनी एकेक नग पाहिला आणि मान डोलावली. हमाल भराभर चढवायला लागले. जावयाने ठरवलं होतं की शेवटी बाईंना बाजूला घेऊन सांगायचं, पुतळ्याला तडा गेलाय, माफ करा. पण बाई बोलता बोलता थेट दाराशी गेल्या.

"आणि हा. बाई गं, फोटोपेक्षा प्रत्यक्षात छान आहे. कशाचा आहे, मेणाचा?" त्यांनी बोटाने सासऱ्यांच्या गालावर टिचकी मारली.



"हा गरम आहे," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "तुम्ही पण बऱ्यापैकी गरम असाल," ते म्हणाले. "पण मी काही टिचकी मारून बघितली नाही."

बाई दोन पावलं मागे सरल्या आणि संडासाच्या भांड्यावर बसल्या.   सासरे उठले, टेबलाशी आले आणि त्यांनी स्वतःच 'का?' दाबलं. गेले कित्येक दिवस ते यंत्राकडे फिरकले नव्हते, पण ते बटण त्यांच्या बरोबर लक्षात होतं. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"सामान. एक नग. बुकिंग झालेलं. माणूस नव्हे." मग खाली सरकले. "मालक..." ते थांबले. "ही?"

"तात्पुरतं, बाबा," जावई म्हणाला.

"लग्न, माहीत नाही. मुलगी, माहीत नाही." त्यांनी चष्मा काढला. मुलीकडे पाहिलं. ती दिव्याचं फडकं बोटाला गुंडाळत होती.  जावयाला वाटलं, संपलं. गोदाम गेलं, नोकरी तर आधीच गेली होती, आणि कागदोपत्री सासरा पण गेला.

"मुद्दाम नाही केलं," बायको हळूच म्हणाली. "तुमचा शब्द फिरवता येईना. मग बाकीचं सगळं फिरवावं लागलं."

 सासरे बाईंकडे वळले. "तुम्हाला म्हातारा कशाला हवाय नाटकात?"

"न्यायाधीशाचा बाप आहे," बाई भांड्यावरून उठत म्हणाल्या. "नाटकभर दाराशी बसतो. एकही वाक्य नाही. दोन नट ठेवून पाहिले, पण नट गप्प बसतच नाही हो. हळूच एखादं वाक्य घुसडतो. म्हणून म्हटलं, पुतळा बरा. पण जाऊ दे आता, मी बघते काहीतरी..."

"बघता म्हणजे? बुकिंग झालंय ना?"

"हो, पण..."

"रद्द झालंय?"

"नाही," जावई म्हणाला.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय सगळे?" सासरे खुर्चीत जाऊन बसले आणि हात काखेत घातले. "उचला. आणि नाक सांभाळा."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उचलले. टेंपोत न्यायाधीशाचं टेबल आणि हरणाचं शिंग यांच्या मधोमध सासरे रवाना झाले. मागच्या खोलीच्या दारातून सासूबाईंनी हात हलवला. पडदा धरलेलाच हात होता, त्यामुळे निरोप जरा जास्तच मोठा झाला.

संध्याकाळी नाटकाला जावई आणि बायको मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसले. सासरे दाराशी होते. हलले नाहीत. पहिला अंक झाला, दुसरा सुरू झाला. रंगमंचाच्या मध्यावर न्यायाधीश छाती पुढे काढून उभा राहिला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "माझ्या उभ्या आयुष्यात मी एकही चुकीचा निर्णय दिलेला नाही."

दाराशी सासऱ्यांनी एक डोळा उघडला. पोराकडे पाहिलं. आणि परत मिटला.

प्रेक्षागृह असं हसलं की न्यायाधीशाला पुढचं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. बायको जावयाच्या दंडाला धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नाटक संपल्यावर नाटकवाल्या बाई धावत आल्या. "हा सगळ्या प्रयोगांना हवा," म्हणाल्या. "शब्दसुद्धा बोलला नाही हो. असा नट मला जन्मात मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सामान परत आलं. परत आलेला नग मालकाने तपासून घ्यायचा, हाही सासऱ्यांचाच जुना नियम. सासूबाई चष्मा लावून पुढे झाल्या. "पाठ फिरवा," म्हणाल्या. सासऱ्यांनी फिरवली. "मान थोडी अवघडलीय. बाकी गेला तसा आला. घ्या जमा करून."

जावई टेबलाशी उभा होता. त्याला रात्रभर नीट झोप नव्हती. "बाबा, ते सामान बिनचूक जायची अट होती..."

"एक नग जास्तच गेला की," सासरे म्हणाले. "कमी कुठे गेला?"

"मग गोदाम?"

"ते मला काय विचारता? यंत्राला विचारा, मालक कोण."

जावयाने विचारलं. यंत्राने सासूबाईंचं नाव दाखवलं. सासूबाईंनी पदर खोचला, टेबलाशी आल्या, लागत नव्हता तरी काचेवर अंगठा टेकवला आणि विचारलं, "दोघांच्या नावावर होतं ना हे? हं. करा मग. मी या यंत्राइतका विचार करत बसत नाही."

"आई," बायको म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली.

"रडू नकोस. आधी ते भांडं दर्शनी दारातून हलव. काल त्या बाई बसल्या त्यावर, मला बाई मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मग जावयाने एकेक परत लिहायला घेतलं. बाबा माणूस आहेत. लिहिलं. बाबांना एक मुलगी आहे. हे बायकोने त्याला बाजूला सारून स्वतः लिहिलं. बाबांचं लग्न. इथे तो थांबला आणि त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

"विचार करू द्या जरा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी अवघडलेली मान तेवढी वळवली. "बरं, लिहा," त्या म्हणाल्या.

लिहिलं, आणि पडदा लाल झाला. पुढच्या प्रयोगांचं बुकिंग नेमकं आत्ताच येऊन पडलं होतं. बाबा माणूस पण होते आणि सामान पण.

"आता काय खोडू?" जावयाने विचारलं.

"माझं काही खोडायचं नाही," सासरे म्हणाले. "तो तुमचा नियम काढा. माणूस वेगळा, सामान वेगळं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? मला दोन्ही राहू द्या. जमतंय मला."

नियम खोडायला मालकाचा अंगठा लागत होता. जावयाने काचेवर अंगठा टेकवला, आणि यंत्राने तो पहिल्या फटक्यात ओळखला. पडदा पांढरा झाला. त्याने हळूच, कोणाला कळू न देता, यंत्राला विचारलं की तो स्वतः कोणाचा जावई. उत्तर लगेच आलं. ते त्याने दोनदा वाचलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. कोणीतरी सिनेमावाला होता. "कोण, तो दाराशी बसणारा?" त्या म्हणाल्या. "आहे ना. मिळेल. पण जेवण झाल्यावर तासभर हलवायचा नाही, आणि ऊन लागू द्यायचं नाही. डाग पडतात."

सासरे तोवर आपल्या ठरलेल्या जागी जाऊन झोपले होते.